सस्पेन्शन फ्लेक्स (गाडीची उंची न वाढवता)

खडबडीत जमिनीवर चारही चाके टेकून राहावीत म्हणून चाके चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) तुलनेत किती वर-खाली जाऊ शकतात आणि ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांमधला आडवा आस) किती तिरका होऊ शकतो, त्या क्षमतेला सस्पेन्शन फ्लेक्स किंवा आर्टिक्युलेशन म्हणतात. फ्लेक्स वाढवायचा तर लिफ्ट किट बसवून गाडी उंच करावीच लागते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. लिफ्टमुळे प्रामुख्याने मोठ्या टायरसाठी जागा होते आणि गाडीचे पोट जमिनीपासून वर जाते. चाकांची बरीचशी चाल कंपनीतून आलेल्या गाडीत मुळातच असते, पण कुठला तरी एक भाग ती मधेच अडवून धरतो. तो भाग ओळखून तेवढाच मोकळा करणे हा या कामाचा गाभा आहे.

गरज का पडते

इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या साध्या, लॉक नसलेल्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. एक चाक हवेत गेले की ते फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, आणि मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर पोचतो. आडवी घळ ओलांडताना पुढचे डावे आणि मागचे उजवे अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके एकाच वेळी सुटली, तर फोर व्हील ड्राइव्ह लावलेली गाडीही जागच्या जागी चाके फिरवत बसते. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर पोचवणारी यंत्रणा हल्ली अनेक गाड्यांत असते. तिचा उपयोग मोठा आहे, पण ती चाक घसरू लागल्यावरच जागी होते. चाक मुळात सुटूच नये, हे फ्लेक्सचे काम.

लोंबलेल्या चाकांच्या छायाचित्रांमुळे एक गोष्ट झाकली जाते, ती इथे स्पष्ट केली पाहिजे. चाक जमिनीला नुसते टेकणे आणि त्या चाकावर वजन असणे यांत फरक आहे. पूर्ण लोंबकळत जमिनीला जेमतेम शिवणारे चाक फारसे ओढत नाही. म्हणून चाक किती इंच खाली गेले यापेक्षा सस्पेन्शन किती कमी विरोध करत गेले, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

रचनेनुसार फरक

अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत एक चाक दगडावर चढले की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो. मारुती जिप्सीत पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. जिम्नीत दोन्हीकडे अखंड ॲक्सलच आहे, पण पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या पिढीत मागे कॉइल स्प्रिंगवरचा अखंड ॲक्सल, तर पुढे डबल विशबोनची, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेली, स्वतंत्र रचना आहे. स्वतंत्र रचनेत एका चाकाची हालचाल दुसऱ्याला मदत करत नाही, शिवाय आर्मची लांबी आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन चालीला मर्यादा घालतात. अशा गाडीत पुढच्या बाजूला फारसे काही मिळवता येत नाही. मेहनत मागच्या ॲक्सलवर घ्यावी.

मोजमाप

फ्लेक्स मोजण्यासाठी बहुधा २० अंशांचा रॅम्प वापरतात. गाडीचे एकच पुढचे चाक त्यावर चढवत न्यायचे आणि कुठलेही दुसरे चाक जमीन सोडणार त्या क्षणी थांबायचे. रॅम्पवर कापलेले अंतर भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), गुणिले १०००, हा रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स. २४५० मिमी व्हीलबेसची तीन दारी थार समजा १२२५ मिमी चढली, तर अंक ५०० येतो आणि ते चाक जमिनीपासून सुमारे ४२० मिमी वर गेलेले असते. २५९० मिमी व्हीलबेसची पाच दारी जिम्नी तेवढीच चढली तर अंक ४७३ च येईल. म्हणून दोन वेगळ्या गाड्यांचे अंक शेजारी ठेवण्यापेक्षा त्याच गाडीचा कामाआधीचा आणि नंतरचा अंक ताडून पाहणे अधिक उपयोगी.

अडवणारा भाग शोधणे

यासाठी रॅम्प लागतोच असे नाही. सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावून, एक चाक भक्कम लाकडी ठोकळ्यांवर चढवायचे आणि टॉर्च घेऊन बाजूने वाकून पाहायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. लोंबलेल्या बाजूचा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) पूर्ण ताणलेला असेल आणि स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल झालेली असेल, तर अडवणूक शॉकअपची. चढलेल्या बाजूला रबरी बम्पस्टॉप (चाकाची वरची चाल थांबवणारा ठोकळा) चेपून सपाट झाला असेल किंवा टायर फेंडरला घासत असेल, तर वरच्या बाजूची जागा संपली. यांतले काहीच झालेले नाही आणि तरी चाक उचलले जाते आहे, तर दोष स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा), ताठर स्प्रिंग किंवा जाम झालेल्या बुशांकडे (सांध्यांतल्या रबरी नळ्यांकडे) जातो.

शॉकअपचा चकचकीत दांडा उघडा असेल तर त्यावर एक केबल टाय जेमतेम आवळून खाली सरकवून ठेवावा. ट्रेलवर दिवसभर फिरून आल्यावर तो जिथे थांबलेला असतो, तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. ओल्या मातीने माखलेल्या दांड्यावर तेवढाच पुसून निघालेला पट्टाही हेच सांगतो. नवे भाग विकत घेण्याआधी प्रत्येकाने ही खूण एकदा पाहावी.

स्टॅबिलायझर बार

बिनखर्चाचा आणि बहुतेक वेळा सर्वांत परिणामकारक उपाय हाच. हा बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पीळ घेणारी स्प्रिंग. वळणावर गाडी झुकू नये म्हणून तो असतो, पण एक चाक वर आणि एक खाली जाऊ लागले की तोच आडवा येतो. दोन्ही टोकांच्या लिंक सोडल्या की ॲक्सल मोकळा होतो. लिंक सोडताना गाडी सपाट जमिनीवरच हवी, नाहीतर पीळ बसलेला बार उसळून हाताला लागतो. सुटलेली टोके पट्ट्याने वर घट्ट बांधावीत. टायर, ब्रेक होज किंवा ड्राइव्ह शाफ्टचे रबर त्यांच्या वाटेत येता कामा नये.

डांबरी रस्त्यावर चढण्याआधी लिंक पुन्हा जोडायलाच हवी. बार नसलेली उंच गाडी वेगात वळताना जास्त झुकते आणि अचानक स्टिअरिंग फिरवले तर हाताबाहेर जाऊ शकते. घाटरस्त्यावर ही चूक जिवावर बेतेल. ट्रेलवरही तिरक्या उतारावर आडवे चालताना मोकळी गाडी उताराकडे अधिक कलते, हे ध्यानात ठेवावे.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनीही याच अडचणीवर उपाय शोधले. २००७ च्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो आणि ताशी सुमारे ३० किमीच्या पुढे आपोआप जोडला जातो. टोयोटाची केडीएसएस ही यंत्रणा हायड्रॉलिक सिलिंडर वापरून बार गरजेप्रमाणे सैल करते. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरला तर असा बारच नव्हता. अखंड ॲक्सल आणि लांब चालीच्या कॉइल स्प्रिंग यांवर ती गाडी खडकाळ भागात फार सुंदर चाले, आणि रस्त्यावर झुकतही असे.

शॉकअप आणि बम्पस्टॉप

तेवढ्याच उंचीवर राहून थोडा जास्त ताणला जाणारा शॉकअप बसवता येतो. अखंड ॲक्सल तिरका होताना चाक शॉकअपपेक्षा बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे शॉकअपला मिळालेली ५० मिमी चाल चाकापाशी त्याहून जास्त भरते. मात्र नव्या शॉकअपची दाबलेली लांबी आधी मोजावी. बम्पस्टॉप टेकण्यापूर्वीच शॉकअप आतून आपटू लागला तर त्याची जोडणी तुटते. ताणलेल्या बाजूला ब्रेक होज, एबीएसची वायर, ॲक्सलची ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची) नळी आणि ॲक्सलला जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट हे चारही तपासल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. स्प्रिंग बैठकीतून निसटत असेल तर तिला रिटेनरने धरून ठेवावे लागते. चाल वाढावी म्हणून बम्पस्टॉप कापणे बहुधा टाळावे. तो जे थांबवत असतो ते टायर आणि फेंडरचे, कधी ॲक्सल आणि इंजिनच्या ऑइल पॅनचे आपटणे असते.

पाटे आणि बुश

जुन्या जिप्सीत किंवा जीपमध्ये पाट्यांमधला गंज हाच खरा शत्रू. दोन-चार पावसाळ्यांचा चिखल आत जाऊन पाटे एकमेकांना चिकटतात आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचे) बोल्ट जाम होतात. पाटे उतरवून, तारेच्या ब्रशने घासून, मध्ये ग्रीस किंवा प्लास्टिकचे लायनर देऊन पुन्हा बांधले की तीच गाडी वेगळी वाटते. एखादा पाटा काढून टाकण्याची पद्धतही आहे, पण तिने भार पेलण्याची ताकद घटते आणि जोर लावताना ॲक्सल पिळवटतो. पाट्यांच्या क्लिपा सैल केल्यास मुख्य पाटा एकटा पडून तुटू शकतो.

बुशांबाबत एक चूक वारंवार होते. मजबूत म्हणून बसवलेले पॉलियुरेथेनचे बुश बहुधा मूळ रबरापेक्षा कडक असतात आणि फ्लेक्स उलट कमी करतात. चांगले रबरी बुशच घालावेत, आणि त्यांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना नव्हे, तर गाडी जमिनीवर नेहमीच्या उंचीला उभी असताना शेवटचे आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहून लवकर फाटते.

टायरमधली हवा

हे काटेकोरपणे फ्लेक्समध्ये मोडत नाही, पण परिणाम शेजारचाच. हवा ३० वरून १८ ते २० पीएसआयवर आणली की टायर लहान दगड पोटात घेतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि सस्पेन्शनचे काम हलके होते. साध्या रिमवर १५ च्या खाली गेल्यास टायर रिमवरून सुटण्याचा धोका वाढतो. परतीच्या रस्त्यासाठी हवा भरायचा छोटा कंप्रेसर गाडीत हवाच.

भारतातील कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. गाडीची उंची वाढवणे या कलमाच्या कचाट्यात येऊ शकते. गंज काढलेले पाटे, नवे रबरी बुश आणि ट्रेलच्या तोंडाशी सोडून परतताना पुन्हा जोडलेली लिंक यांनी गाडी मूळ रूपातच राहते.