दहा माणसं पेलणारी जमीन माशांची टाकीही पेलेल?

‘दहा माणसं उभी राहतात, तिथे माशांची टाकी ठेवायला काय हरकत?’ हा जुना हिशेब अर्धाच आहे. 400 लिटर पाण्याचंच वजन 400 किलो. काच, वाळू, दगड, स्टँड धरून ते 500 च्या पुढे सहज जातं. शिवाय माणसं पांगतात, टाकी वर्षानुवर्षं तिथेच. मजला लाकडी असेल, तर अशा कायमच्या भाराखाली त्याच्या तुळया हळूहळू वाकत जातात. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध नको. भार पेलणाऱ्या भिंतीलगत, अनेक तुळयांवर आडवी ठेवा. खाली जाड प्लायवूड टाकल्याने स्टँडच्या पायांखालचा दाब पसरतो, एकूण ओझं मात्र तसूभरही घटत नाही. घर जुनं आणि मजला लाकडी असेल, तर पाणी भरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर दाखवा.