मिंट चालू झालं म्हणजे मिंट घातलं असं नाही

"दादा, मी लिनक्स घातलं, पण बंद केलं की सगळं पुसून जातं." डिचोलीहून मावसभावाचा फोन. हेच वाक्य मी गेल्या काही महिन्यांत चौथ्यांदा ऐकतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर बरेच जण जुनी मशीन काढून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, घालायला बसलेत, मला त्याचा आनंदच आहे, पण अडकतात सगळे एकाच जागी. पेनड्राईव्हवरून चाललेलं लाइव्ह मिंट आणि डिस्कवर इन्स्टॉल केलेलं मिंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिसतात अगदी सारख्या.

विंडोज कसं घालतात ते तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देतो. मिंटची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम असलेली एकच फाइल) पेनड्राईव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, रूफस किंवा एचर या प्रोग्रामने लिहावी लागते. मशीन पेनड्राईव्हवरून चालू करायचा बूट मेन्यू कुणाचा एफ१२, कुणाचा एफ९, दाबून बघा. ४ जीबी रॅम असेल तर मी डोळे झाकून मिंटची हलकी आवृत्ती एक्सएफसीई घेतो, जड सिनॅमन नाही.

आता मुद्द्याचं. विंडोजचा पेनड्राईव्ह लावला की थेट सेटअप येतो. मिंटचा लावला की अख्खा डेस्कटॉप उघडतो, मेन्यू, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळं तयार, वायफायसुद्धा लागतं. माणसाला वाटतं झालं काम. पण पेनड्राईव्हवरची सिस्टीम एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फाइल फक्त वाचायला उघडते, तिच्यात काही लिहिलं जात नाही. तुम्ही जे काही करता, वायफायचा पासवर्ड, मराठी कीबोर्ड, डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल, ते सगळं रॅममध्ये असतं, आणि रॅम म्हणजे लाईट असेपर्यंतच.

आमच्या देवळाच्या भजनी सप्ताहाची यादी, कुठल्या वाड्याने किती वाजता बसायचं ती, मावसभावाने जुन्या डेस्कटॉपवर दोन संध्याकाळी बसून टाईप केली. पहिल्या संध्याकाळची फाइल दुसऱ्या दिवशी दिसली नाही, त्याला वाटलं आपणच सेव्ह करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी दर पाच मिनिटांनी सेव्ह करत बसला, श्रावणातला पाऊस, लाईट गेली आणि फाइल परत गायब. कितीही वेळा सेव्ह केलं तरी सेव्ह होत होतं रॅममध्येच, त्या पोराची चूक काहीच नव्हती, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ओळखायचं कसं? डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन दिसतोय म्हणजे तुम्ही अजून लाइव्हमध्येच आहात. चालू करताना नाव-पासवर्ड कधीच विचारला नाही, हीसुद्धा तीच खूण, कारण लाइव्हमध्ये तुमचं खातंच नसतं, 'मिंट' नावाच्या तात्पुरत्या युजरवर सगळं चालतं.

आणि लाइव्ह बघून "लिनक्स स्लो आहे" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. प्रत्येक प्रोग्राम पेनड्राईव्हवरून वाचला जातोय, तो स्लो असणारच. लाइव्ह कशासाठी वापरायचं, तर वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर चालतो का बघायला. अर्धा तास बघा, पुरे. तिथे अपडेट मारत बसू नका, रॅम भरते आणि रीस्टार्ट केलं की ते अपडेटही जातात.

पण "लाइव्ह आहे, काय पण करा, काही होत नाही" हेही चुकीचं. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला तुमची विंडोजची डिस्क दिसते, ती उघडून एखादा फोटो डिलीट केलात तर तो खरोखरच जातो. आणि इन्स्टॉलचा आयकॉन दाबलात तर ती ट्रायल नाही. भाषा, कीबोर्ड विचारेपर्यंत ठीक, पण 'इरेज डिस्क' निवडून 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं आणि पुढच्या चौकटीत 'कंटिन्यू' केलं की जुनं सगळं गेलं. विंडोज ठेवायचं असेल तर 'अलाँगसाइड' निवडा, आणि काहीही निवडलं तरी घरचे फोटो आधी दुसरीकडे काढून ठेवा, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

मावसभावाला फोनवरच सगळं करायला लावलं. आयकॉन दाबला, टाइमझोनला कोलकाता, मग त्याचं नाव आणि पासवर्ड, संपल्यावर रीस्टार्ट. पाच मिनिटांनी परत फोन, "दादा, परत तोच इन्स्टॉलचा आयकॉन!" पेनड्राईव्ह तसाच लावलेला, मशीन परत त्याच्यावरूनच चालू झालं. रीस्टार्ट करताना स्क्रीनवर मीडियम (म्हणजे पेनड्राईव्ह) काढून एंटर दाबा म्हणून येतं, ते कुणी वाचत नाही. पेनड्राईव्ह काढायला लावला, परत चालू केलं, आणि या वेळी स्क्रीनवर त्याचं नाव आलं, खाली पासवर्डची चौकट.

"आता टाईप कर यादी," म्हटलं.