मॉर्मन घरातली रिकामी खुर्ची: गे मुलं, त्यांचे आईबाप आणि चर्च

मॉर्मन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. पांढरा शर्ट आणि टाय लावून जोडीजोडीनं फिरणारे मिशनरी, आणि "ते अनेक बायका करतात ते ना?" यातली दुसरी गोष्ट मुख्य चर्चनं १८९० सालीच सोडायला घेतली, पण ख्याती काही जात नाही. (आता तर ते स्वतःला मॉर्मन म्हणवूनही घेत नाहीत, २०१८ पासून पूर्ण नाव वापरा असा आग्रह आहे, पण ते नाव इतकं लांबलचक आहे की मी इथे मॉर्मनच म्हणणारे.) हल्ली अधूनमधून बातमी येते की मॉर्मन चर्चनं गे लोकांबद्दल अमुक नियम बदलला, तमुक मागे घेतला, आणि वाचणाऱ्याला वाटतं की वर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींचा मूड बदलला असेल. माझं मत वेगळं आहे. ही गोष्ट युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या, म्हणजे चर्चच्या मुख्य, ऑफिसात कमी आणि लोकांच्या जेवणाच्या टेबलावर जास्त घडली, आणि नियम बहुतेक वेळा मागून, धापा टाकत आले.

आधी हे कळायला हवं की या धर्मात गे असणं एवढं जड का जातं. बाकीच्या ख्रिस्ती पंथांमध्ये लग्न "मरेपर्यंत" असतं, यांच्यात मेल्यानंतरही चालू राहतं. टेंपलमध्ये (म्हणजे रविवारचं चर्च नाही, खास विधींसाठीचं वेगळं मंदिर, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही) नवराबायकोचं, आणि मुलांचं आईबापांशी, 'सीलिंग' होतं, म्हणजे अनंत काळासाठी गाठ, आणि स्वर्गातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर जायचं तर स्त्री-पुरुषाचं असं लग्न झालेलं पाहिजे. त्यामुळे घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, तिकडे वर आपल्या घरातली एकही खुर्ची रिकामी राहायला नको. आता कल्पना करा, अशा घरातला सतरा वर्षांचा मुलगा आईला सांगतो की मला मुली आवडत नाहीत. आपल्याकडच्या आईला पहिल्यांदा "लोक काय म्हणतील" सुचतं, ते तिलाही सुचतंच, पण त्याच्या खाली तिची आणखी एक भीती असते की हा मुलगा मला कायमचा, मेल्यावरसुद्धा, अंतरला. आणि गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाही, याच शिकवणीमुळे कितीतरी आईबापांनी मुलाचा हात सोडायला नकार दिला, कारण कुटुंब कधीच तुटत नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वॉर्ड. आपल्याला वॉर्ड म्हटलं की नगरसेवक आठवतो, यांच्यात वॉर्ड म्हणजे त्या भागातल्या काहीशे लोकांची मंडळी, आणि कुठल्या वॉर्डात जायचं हे तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं, आवडीवरून नाही. त्यांचा बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो, शेजारचा डेंटिस्ट किंवा विमा एजंट असतो, साधारण पाच वर्षं फुकट काम करतो, आणि तुम्हाला टेंपलमध्ये जायची परवानगी द्यायची की नाही हे आधी तोच ठरवतो. त्यामुळे एका गावात गे मुलाला पियानो वाजवायला बसवतात आणि पाच मैलांवर दुसरा बिशप तशाच मुलाला शिस्तीच्या बैठकीला बोलावतो. सदस्यांमध्ये याला 'बिशप रूलेट' म्हणतात, म्हणजे जुगारच, गोळी कुठे पडेल ते नशीब.

सुरुवातीला या विषयावर फार बोललंच जात नव्हतं. १९४६ मध्ये चर्चच्या पॅट्रिआर्क या मोठ्या पदावरच्या जोसेफ फील्डिंग स्मिथ नावाच्या गृहस्थांना (याच नावाचे पुढे प्रेसिडेंट, म्हणजे चर्चचे सर्वोच्च प्रमुख, झाले ते वेगळे) समलैंगिक संबंधांमुळे पदावरून उतरवलं, बाहेर मात्र तब्येतीचं कारण सांगितलं, ते कुटुंबासकट हवाईला गेले आणि १९५७ मध्ये त्यांना गुपचूप परत सामावूनही घेतलं. म्हणजे झाकपाक होती, पण बहिष्कार नव्हता. कडकपणा वाढला तो पुढे. स्पेन्सर किम्बल हे तेव्हा अपॉसल, म्हणजे प्रेसिडेंटच्या खालोखालच्या बारा जणांच्या मंडळातले, होते, त्यांनी १९६९ मध्ये क्षमेवर एक पुस्तक लिहिलं, त्यात समलैंगिकता म्हणजे भयंकर पाप, पण प्रयत्नानं बरं होणारं, अशी मांडणी होती. 'बरं होणारं' हा शब्द दिलासा म्हणून दिला असेल, पण त्यानंच जास्त लोक मोडले, कारण बरं झालं नाही तर दोष तुमचाच, तुम्ही उपवास कमी केले, प्रार्थना मनापासून केली नाही. हे पुस्तक पुढे कितीतरी वर्षं बिशप लोक तरुण मुलांच्या हातात देत राहिले.

सत्तरच्या दशकात युटातल्या प्रोव्होच्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीत, ही चर्चचीच युनिव्हर्सिटी, म्हणजे बीवायूमध्ये, विजेचे झटके देऊन पुरुषांना 'सुधारण्याचे' प्रयोग झाले. तिथला १९७६ चा एक पीएचडी प्रबंधच त्यावर आहे. १९७१ ते १९८० बीवायूचे प्रेसिडेंट असलेले डॅलिन ओक्स यांनी २०२१ मध्ये सांगितलं की माझ्या काळात हे झालंच नाही, पण प्रबंधावरचं साल काही पुसता येत नाही. ओक्स हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

झटक्यांपेक्षा जास्त वापरला गेलेला उपाय म्हणजे लग्न. मुलगी बघ, टेंपलमध्ये लग्न कर, बाकीचं आपोआप होईल, हा सल्ला किती बिशपांनी दिला असेल कोण जाणे, आणि आपल्यालाही तो काही अनोळखी नाही. कॅरल लिन पिअर्सन या कवयित्रीचं असंच झालं. १९६६ मध्ये जेराल्डशी लग्न, चार मुलं, १९७८ मध्ये घटस्फोट, कारण तो गे होता आणि लग्नानं काहीही बदललं नव्हतं. पुढे त्याला एड्स झाला तेव्हा तो कॅलिफोर्नियातल्या तिच्याच घरी परत आला, तिनं आणि मुलांनी त्याची सेवा केली, आणि १९८४ मध्ये तो तिथेच गेला. १९८६ मध्ये तिनं हे सगळं पुस्तकात लिहिलं. तो काळ आठवा, एड्सच्या पेशंटला हात लावायला लोक घाबरत होते, आणि इथे एक चर्चला जाणारी घटस्फोटित बाई जाहीर सांगत होती की मी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. एप्रिल १९८७ मध्ये चर्चमधले तेव्हाचे एक मोठे नेते गॉर्डन हिंकली यांनी भर परिषदेत सांगितलं की लग्न हा यावरचा इलाज समजू नका. बरं झालं सांगितलं, पण तोवर हजारो नाही तरी पुष्कळ लग्नं लागून गेली होती, त्यांना मुलं झाली होती, आणि ही मुलं पुढे २०१५ मध्ये या गोष्टीत परत येणार होती.

दरम्यान लोकांनी आपापली सोय करायला घेतली. १९७७ मध्ये गे मॉर्मन लोकांचा अफर्मेशन हा गट निघाला, १९९३ मध्ये युटात पालकांचा फॅमिली फेलोशिप नावाचा गट, कोणाच्या तरी घरी जमायचं, खायचं, रडायचं. १९९५ मध्ये हिंकली, आता प्रेसिडेंट, यांनी कुटुंबाबद्दलचा जाहीरनामा वाचला, लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष हे त्यात स्पष्ट. तो फ्रेम करून मॉर्मन दिवाणखान्यात लावतात. गे मुलगा सुट्टीला घरी आला की त्याच फ्रेमखाली बसून टीव्ही बघणार.

२००६ मध्ये चर्चनं ओक्स यांची, ते आता अपॉसल होते, एक मुलाखत प्रसिद्ध केली. प्रश्न असा होता की मुलगा जोडीदाराला घेऊन सणाला घरी येतो म्हणाला तर आईबापांनी काय करावं. उत्तराचा मथितार्थ: परिस्थितीप्रमाणे ठरवा, पण काही आईबाप म्हणू शकतात की या, पण रात्री मुक्काम नको, आणि आम्ही तुम्हा दोघांना चारचौघांत ओळख करून देत फिरू ही अपेक्षा नको. हे वाचून कितीतरी घरांत खरंच तसं वागले असणार, कारण अपॉसल म्हणाले.

पण त्याच अपॉसल मंडळात टॉड क्रिस्टॉफरसन आले २००८ मध्ये, आणि त्यांच्या घरात याच्या अगदी उलट घडलेलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ टॉम गे, त्यानं ऐंशीच्या दशकात स्वतःहून चर्चमधून नाव काढायला लावलं, जोडीदारासोबत जवळजवळ वीस वर्षं राहिला. त्यांच्या आईवडिलांनी बाकीच्या मुलासुनांना बसवून सांगितलं की तुमची पोरं टॉमकाकाशी आपण कसे वागतो ते बघतायत, त्यावरून त्यांना कळू दे की काहीही केलं तरी या घराच्या प्रेमाबाहेर कोणी जात नाही. जोडीदारसुद्धा घरचाच धरला. टॉम २०१४ मध्ये ब्रह्मचारी राहून चर्चमध्ये परतला, आणि चर्चवाल्यांना हा शेवट फार आवडतो, बघा प्रेम केलं की परत येतात! मला तो शेवट नाही, त्याच्या आधीची वीस वर्षं महत्त्वाची वाटतात, कारण तेव्हा तो परत येईल असं कोणीच धरून चाललं नव्हतं.

२००८ मध्येच कॅलिफोर्नियात प्रपोझिशन ८ आलं, म्हणजे समलिंगी लग्न बंद करण्यासाठी लोकांच्या मताला टाकलेला प्रस्ताव. चर्चचं पत्र वॉर्डावॉर्डांत वाचलं गेलं, वेळ द्या, पैसे द्या, आणि लोकांनी दिले, दारोदार फिरले, फोन केले, साधारण ५२ टक्क्यांनी ते पास झालं. पण घरं फाटली. ज्या आईनं प्रचाराची पाटी अंगणात लावली तिचाच मुलगा गे निघाला अशा गोष्टी नंतर खूप ऐकू आल्या. बाहेरून चर्चची इतकी छीथू झाली की २००९ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या घर आणि नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या नियमाला चर्चनं जाहीर पाठिंबा दिला. २०१२ च्या युटा प्राइडमध्ये, म्हणजे गे लोकांच्या मिरवणुकीत, तीनशेहून जास्त मॉर्मन रविवारचे चर्चचे कपडे घालून चालले, आणि फुटपाथवर उभे असलेले लोक त्यांना बघून रडत होते. त्याच डिसेंबरात चर्चच्या वेबसाइटनं मान्य केलं की असं आकर्षण कोणी निवडत नाही.

आणि मग ५ नोव्हेंबर २०१५. अमेरिकाभर समलिंगी लग्न कायदेशीर होऊन पाचही महिने झाले नव्हते, आणि चर्चच्या हँडबुकमधला नवा नियम फुटला: समलिंगी लग्न करणारे धर्मत्यागी, आणि त्यांच्या मुलांना १८ वर्षांचं होईपर्यंत बाप्तिस्मा नाही. मॉर्मन मुलाचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, वर्गातल्या सगळ्यांचा होतो. मोठ्यांवरची कारवाई एक वेळ लोकांनी गिळली असती, मुलांवरची गिळवली नाही. शिवाय ही मुलं कोण? पुष्कळशी त्याच जुन्या लग्नांमधली, जी बिशपांनीच करायला लावली होती, आता बाप वेगळा राहतो आणि त्याला नवा जोडीदार आहे. म्हणजे सल्ला तुमचा आणि शिक्षा आठ वर्षांच्या पोराला. दहा दिवसांच्या आत सॉल्ट लेकमध्ये राजीनामे द्यायला रांगा लागल्या. जानेवारी २०१६ मध्ये अपॉसल मंडळाचे तेव्हाचे प्रमुख रसेल नेल्सन म्हणाले की हा नियम म्हणजे दैवी साक्षात्कार आहे, आणि ४ एप्रिल २०१९ ला, नेल्सन स्वतः प्रेसिडेंट असताना, तो मागे घेतला गेला. जाहीर कोणी केलं तर ओक्स यांनी.

त्यानंतर पुढे-मागे, पुढे-मागे चालू आहे. २०२० मध्ये बीवायूनं नियमातला समलैंगिक वागणुकीचा परिच्छेद काढला, मुलांनी कॅम्पसवर आनंदानं मिठ्या मारल्या, दोनतीन आठवड्यांत पत्र आलं की गैरसमज नको, बंदी आहेच. २०२२ मध्ये चर्चनं समलिंगी लग्नाला संरक्षण देणाऱ्या अमेरिकन कायद्याला पाठिंबा दिला, स्वतःच्या शिकवणीत काना-मात्रा न बदलता, आणि २०२४ मध्ये ट्रान्स सदस्यांवरचे नियम उलट घट्ट केले. ऑक्टोबर २०२५ पासून ओक्स प्रेसिडेंट आहेत. याच परंपरेतलं छोटं भावंड, मिसूरीचं कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, त्यांनी अमेरिकेत २०१३ मध्येच समलिंगी लग्नाला दार उघडलं, पण त्यांच्यात टेंपलचं सीलिंगच नाही, म्हणून स्वर्गातल्या खुर्च्यांचं गणितही नाही.

मुख्य चर्चमध्ये आज स्थिती अशी की गे असणं चालतं, एकटं राहिलात तर जबाबदारीचं पदही मिळतं, लग्न केलंत तर सदस्यत्व जाऊ शकतं, जाईलच असं नाही, बिशप बघून. सदस्यत्व गेलेला माणूस रविवारी येऊन बसू शकतो. प्रसादासारखा वाटला जाणारा, फक्त सदस्यांनी घ्यायचा पाव आणि पाण्याचा ट्रे बाकावरून हातोहात सरकत येतो, तो स्वतः न घेता पुढे देतो. काही वॉर्डांत शेजारी बसलेली त्याची आईही तेवढ्या वेळापुरती न घेताच ट्रे पुढे सरकवते.