वार्धक्य आणि रक्ताभिसरण

वार्धक्य आणि रक्ताभिसरण : वाढत्या वयानुसार हृदय, रक्तवाहिन्या आणि त्यांवर नियंत्रण ठेवणारी चेतायंत्रणा यांत होणारे बदल. कोणताही आजार नसला तरी ते होतात. पण उच्च रक्तदाब, ठोक्यांतील अनियमितता आणि हृदय निकामी होणे यांची वाट त्यांमुळे सोपी होते.

मुळाशी आहे महारोहिणीचा ताठरपणा. हृदयातून निघणाऱ्या या मुख्य वाहिनीच्या भित्तीत इलॅस्टिनचे लवचिक तंतू असतात. तरुणपणी ती दर ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे ढकलते. वयाबरोबर हे तंतू तुटतात, ताठ कोलॅजेन वाढते, कॅल्शियम साचते. मग वरचे प्रेशर चढत जाते आणि पन्नाशी-साठीनंतर खालचे उतरू लागते. १६०/७० असा आकडा पाहून ‘खालचं तर नॉर्मल आहे’ असे समाधान घरोघरी मानले जाते. ते फसवे आहे. या वयात धोका वरच्या आकड्यात आणि दोहोंमधल्या वाढलेल्या अंतरात असतो.

ताठ वाहिनीत रक्त लोटण्यासाठी डाव्या निलयाची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड होते. आकुंचनाची ताकद बहुधा टिकून राहते, सैल पडण्याची क्रिया मात्र मंदावते. निलय भरण्यासाठी अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) शेवटच्या धक्क्यावर अधिक भिस्त राहते. अलिंद नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरू लागले, की म्हाताऱ्या माणसाला धाप लागते ती यामुळे. तरुणाला तेवढ्याने कित्येकदा फक्त धडधड जाणवते.

विश्रांतीच्या वेळी यातले फारसे काही कळत नाही. नाडी जवळपास पूर्वीइतकीच चालते. कमी होते ती राखीव क्षमता. श्रमाच्या वेळी ठोके जास्तीत जास्त किती वाढू शकतात, याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात : तिशीत १९०, पंचाहत्तरीत १४५. नवी मुंबईत याची परीक्षा रोज होते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या नगरनियोजन महामंडळाने वाशी-नेरूळ भागांत बांधलेल्या जुन्या, कमी उंचीच्या इमारतींपैकी अनेकींना लिफ्ट नाही आणि भर उमेदीत तिथे राहायला आलेली पिढी आता सत्तरीत आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी कठड्याला टेकवून थांबलेले काका बसल्या जागी ठणठणीत असतात. झोपवून काढलेल्या साध्या ईसीजीत ही उणीव दिसेलच असे नाही.

मानेतील दाबसंवेदक, म्हणजे रक्तदाबातले बदल टिपणारी चेताटोके, हीदेखील बोथट होतात. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावरून झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बऱ्याचदा यामुळे. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचे प्रेशर २० किंवा खालचे १० अंकांनी उतरले, तर वैद्यक त्याची दखल घेते. लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. भरपेट जेवणानंतरही तो होतो. वयाबरोबर तहान कमी लागते, त्यामुळे ठाण्याच्या घामट मे महिन्यात पाणी आठवणीने प्यावे लागते (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच). झडपा जाड होणे, पायांच्या शिरा फुगणे हेही नेहमीचेच.

यातले किती वयाचे आणि किती बसून राहण्याचे? अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीन दशकांच्या वयाने त्यांची शारीरिक क्षमता त्या तीन आठवड्यांइतकीही घटवलेली नव्हती. पाचच माणसांचा हा अभ्यास. तरी आजारातून उठलेल्या आजोबांना ‘आता पूर्ण आराम’ म्हणून बसवून ठेवणाऱ्या नातलगांनी तो लक्षात घ्यावा. ठाण्यातल्या उपवन तलावाची सपाट फेरी बहुतेकांना झेपते. जवळच्या येऊरच्या डोंगराच्या चढाला सवय लागते.

काही लक्षणे मात्र वयाच्या खात्यावर टाकू नयेत. महिन्यापूर्वी सहज चढलेला जिना आज अवघड वाटणे, पावलांवर सूज, झोपताना जास्तीची उशी लागणे, चालताना भोवळ येणे यांसाठी तपासणी हवी. वृद्धांत, विशेषतः मधुमेहींत, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अचानक धाप, दरदरून घाम किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसले, तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात हलवावे लागते.