न सडणारी अळी

हुमणीची, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याची, अळी मेली की एरवी एक-दोन दिवसांत काळी पडते, फुटते आणि घाण सुटते. पण उसाच्या मुळांशी उकरताना कधी तरी विटकरी लाल झालेली, मऊ तरीही अखंड अळी हाती लागते. नाकाजवळ नेली तरी कुजका वास येत नाही. अंधाऱ्या खोलीत ती समोर ठेवून डोळे काळोखाला सरावेपर्यंत बसलं, तर तिच्यातून अगदी मंद हिरवट उजेड दिसतो. हे काम दोघांचं आहे. एक म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबीचा ‘हेटरोऱ्हॅब्डायटिस’ हा सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक जंत, आणि दुसरा त्याच्या आतड्यात राहणारा ‘फोटोऱ्हॅब्डस’ हा जिवाणू. शेतकरी ज्याला ‘ईपीएन’ (कीटकांना मारणारे सूत्रकृमी) म्हणतात, ती ही जोडी. नाव मात्र सुरुवातीपासून सूत्रकृमीचंच झालं. खरं मारण्याचं काम करणाऱ्या जिवाणूकडे कुणाचं लक्ष जायला काही दशकं गेली.

1929 मध्ये रुडॉल्फ ग्लेझर यांना अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका गोल्फच्या मैदानावर जपानी भुंगेऱ्याच्या मेलेल्या अळ्या सापडल्या. हा भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला. त्या अळ्यांमधला असाच दुसरा एक सूत्रकृमी पुढे ‘स्टायनरनेमा ग्लेझरी’ म्हणून ओळखला गेला. ग्लेझर यांनी तो प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर वाढवला आणि तीसच्या दशकात शेताशिवारात सोडलाही. अशी कल्पना त्या काळात प्रत्यक्षात आणणं हे धाडसाचंच होतं. पण वाढवताना बाहेरचे जंतू शिरू नयेत म्हणून त्यांनी जंतुनाशकं वापरली. सूत्रकृमीला जोडीदार जिवाणू असतो हे तेव्हा ठाऊकच नव्हतं, आणि त्या स्वच्छतेत तोही धुऊन निघाला असणार. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रसंग सर्वांत चटका लावणारा वाटतो. हत्यार हातात होतं, पण त्याची धार आपणच काढून टाकतोय हे कळायला मार्ग नव्हता.

पन्नाशीच्या दशकात सॅमसन डटकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सफरचंद पोखरणाऱ्या अळीत एक सूत्रकृमी मिळाला, आणि त्याच्यासोबत जिवाणूही. मेलेली अळी सडत का नाही, हा प्रश्न इथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. साठीच्या दशकात जॉर्ज पॉइनार आणि जेरार्ड थॉमस यांनी त्या जिवाणूचं वर्णन केलं आणि त्याच्यावाचून सूत्रकृमीची नीट वाढ होत नाही हे दाखवून दिलं.

व्यवहार असा चालतो. मातीत भटकणारं सूत्रकृमीचं पिल्लू काही खात नाही. पोटात जिवाणू घेऊन ते अळी शोधत असतं. तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रातून ते आत शिरतं आणि अळीच्या रक्तात जिवाणू सोडतं. जिवाणू अळीची प्रतिकारशक्ती मोडतो, विषं सोडतो आणि साधारण 24 ते 48 तासांत अळी मरते. मग तिचं मांस पचवून तो वाढतो आणि सूत्रकृमी त्याच्यावर पोसतात. दोन-तीन पिढ्या होतात. खाणं संपलं की नवी पिल्लं पुन्हा जिवाणू पोटात घेऊन बाहेर पडतात. एका मोठ्या अळीतून ती लाखाच्या घरातही निघू शकतात. तेवढे दिवस ते मढं मातीतल्या बाकी जंतूंपासून राखायला हवं, म्हणून जिवाणू प्रतिजैविकं तयार करतो. अळी न सडण्याचं कारण हे.

1979 मध्ये या जिवाणूंना ‘झेनोऱ्हॅब्डस’ अशी स्वतंत्र प्रजाती मिळाली आणि 1993 मध्ये त्यातले उजेड देणारे ‘फोटोऱ्हॅब्डस’ म्हणून वेगळे झाले. मधल्या काळात ऑस्ट्रेलियाचे रे अखर्स्ट यांनी एक महत्त्वाची गोष्ट पकडली. प्रयोगशाळेत वाढवताना हे जिवाणू रूप पालटतात, आणि पालटलेल्या रूपात प्रतिजैविकं बनवणं जवळजवळ थांबतं. अशा जिवाणूवर सूत्रकृमीही नीट पोसले जात नाहीत. कारखान्यात ईपीएन वाढवणाऱ्यांना ही डोकेदुखी अजून सांभाळावी लागते.

पुढे जिवाणू एकटाच संशोधनाचा विषय झाला. 1998 मध्ये फोटोऱ्हॅब्डसची मोठी कीटकविषं वेगळी काढण्यात आली. त्यातल्या एका विषाचा जनुक पुढे प्रयोगातल्या झाडात घालून पाहिला गेला. 2003 मध्ये या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विषांच्या आणि प्रतिजैविकांच्या जनुकांची त्यातली गर्दी पाहून अभ्यासक थक्क झाले.

औषधाच्या बाजूला फळ यायला वेळ लागला, पण आलं. अळीच्या मढ्यात सापडणाऱ्या स्टिल्बीन गटातल्या एका रसायनावर कॅनडात काम झालं आणि त्यातून ‘टॅपिनारॉफ’ हे मलम उभं राहिलं. मे 2022 मध्ये अमेरिकेने ते सोरायसिस या त्वचारोगासाठी मंजूर केलं. 2019 मध्ये बोस्टनमधल्या किम लुईस यांच्या गटाने फोटोऱ्हॅब्डसमधून ‘डॅरोबॅक्टिन’ शोधलं. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे बाहेरून आणखी एक आवरण असलेल्या, जिवाणूंच्या त्या आवरणातली प्रथिनं बसवणारी यंत्रणाच ते बंद पाडतं. याच जंतूंवर नवी औषधं मिळेनाशी झालीत, म्हणून या शोधाचं मोल मोठं. रुग्णापर्यंत पोचायला मात्र त्याला अजून बराच पल्ला आहे. आणि सावधगिरीही हवी, कारण ‘फोटोऱ्हॅब्डस असिम्बायोटिका’ ही याच कुळातली जात माणसाच्या जखमांमध्ये सापडलेली आहे.

भारताचं नाव या इतिहासात 1992 मध्ये ठळक आलं. कोइमतूरच्या उसाच्या रानातल्या सूत्रकृमीला ‘हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका’ हे नाव मिळालं. त्याच्या पोटातल्या जिवाणूचं नाव आहे ‘फोटोऱ्हॅब्डस अखर्स्टाय’, त्याच अखर्स्ट यांच्यावरून. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने या सूत्रकृमीची भुकटी तयार केली, आणि हुमणीने पोखरलेल्या आपल्या ऊसपट्ट्यासाठी कामाची गोष्ट ती हीच.

पावडर म्हटली तरी आत जिवंत पिल्लं असतात, आणि पिल्लांच्या पोटात जिवंत जिवाणू. भर उन्हात किंवा कोरड्या ढेकळांवर टाकली तर दोन्ही मरतात. वळिवानंतर कडुनिंब-बाभळीवर भुंगेरे बसले की पुढच्या काही आठवड्यांत जमिनीत बारीक अळ्या असतात. तेव्हा, जमिनीत ओल असताना, ऊन उतरल्यावर ही पावडर मुळांशी द्यायची.