कॉलेजच्या एनसीसीत शिकवायचंय? कोणता दरवाजा कोणासाठी, आणि अर्ज नेमका कुठे अडतो

जून उजाडला की मला दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिला माजी सैनिकाचा. "सर, सतरा वर्षं पायदळात काढली, ड्रिलचा कोर्स केलाय, तालुक्याच्या कॉलेजात एनसीसी आहे. तिथं पोरांना शिकवायचंय, अर्ज कुठं करू?" दुसरा प्राध्यापकाचा. "सर, आमच्याकडं एएनओची, म्हणजे कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्याची, जागा रिकामी आहे, प्राचार्य माझं नाव देतायत. पण माझा लष्कराशी काही संबंध नाही, चालेल का?"

पहिल्याला बहुतेक वेळा नाही म्हणावं लागतं, दुसऱ्याला हो. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. पण कॉलेजच्या कॅडेटना शिकवणारी माणसं कुठून येतात हे एकदा कळलं, की अर्धे अर्ज फेटाळले का जातात तेही कळतं.

मैदानावर दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं उभी असतात. एक असतो पीआय स्टाफ (परमनंट इन्स्ट्रक्टर), म्हणजे सुभेदार, नायब सुभेदार, हवालदार. हे आजही सैन्याच्या नोकरीत असलेले जवान आणि जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर). आपल्या पलटणीतून ते ठरावीक काळासाठी एनसीसी बटालियनला पोस्टिंगवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. ड्रिल, शस्त्रप्रशिक्षण, नकाशावाचन, फायरिंग हे त्यांचं काम. त्यांच्या वर बटालियनचा कमांडिंग ऑफिसर असतो, कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल, तोही सेवेतलाच. त्याच्या वर ग्रुप कमांडर, ब्रिगेडियर. महाराष्ट्रात असे सात ग्रुप आहेत आणि सगळ्यांच्या वर मुंबईचं संचालनालय.

दुसरा असतो एएनओ, असोसिएट एनसीसी ऑफिसर. हा त्याच कॉलेजात मराठी, भूगोल किंवा रसायनशास्त्र शिकवणारा शिक्षक. सकाळी खाकी, दहा वाजता खडू. लष्करी पार्श्वभूमी नसली तरी चालते, कारण ती कामठीला जाऊन तयार करून घेतात. नागपूरजवळची ही अकादमी पूर्वी पुरंदर किल्ल्यावर होती. आमच्या आधीच्या पिढीतले सर अजून "पुरंदरला ट्रेनिंग झालं" असं सांगतात. स्त्री अधिकाऱ्यांसाठी पूर्वापार ग्वाल्हेरची अकादमी आहे. मुलींच्या युनिटमध्ये याशिवाय पूर्णवेळ महिला अधिकारी आणि गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर असतात. त्यांची भरती स्वतंत्र जाहिरातीने होते, या लेखात ती घेत नाही.

शिक्षकाला गणवेश घालायची ही पद्धत नवी नाही. 1920 च्या कायद्यानंतर विद्यापीठांत यूटीसी (युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर) आली, 1942 मध्ये तिचं यूओटीसी (युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर) झालं, कुंझरू समितीनंतर 1948 च्या कायद्याने एनसीसी आली. अधिकारी विद्यापीठाच्या किंवा शाळेच्या सेवकवर्गातून नेमता येतील, असं त्या कायद्यातच म्हटलं आहे. त्यामुळे बटालियनचा क्लार्क जेव्हा माजी हवालदाराला "तुम्ही कॉलेजचे कर्मचारी आहात का?" असं विचारतो, तेव्हा तो अडवणूक करत नसतो. विचारण्याची पद्धत सुधारता येईल, एवढं मात्र नक्की.

आधी माजी सैनिकांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त खेपा त्यांच्याच फुकट जातात. एकदा बटालियनच्या व्हरांड्यात एक गृहस्थ भेटले. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, दोन कोर्सची प्रमाणपत्रं, आणि सगळ्यात वर जपून लॅमिनेट केलेलं "पदवी समकक्ष" प्रमाणपत्र. त्यांचा सगळा भरवसा त्या एका कागदावर. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षं सेवा असलेल्या सैनिकाला निवृत्तीच्या वेळी हे प्रमाणपत्र मिळतं. ते खरं आहे आणि उपयोगाचंही आहे, पण सरकारच्या गट क पदांसाठी, जिथे विशिष्ट विषयाची पदवी लागत नाही अशा ठिकाणी. शिक्षकाच्या पदासाठी ते चालत नाही. तिथे विषयातली खरी पदवी आणि शिक्षकाची पात्रता लागते, आणि एएनओ व्हायचं तर आधी शिक्षक असावं लागतं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तीन ऑफिसं फिरून ते चौथ्यात बसले होते.

मग माजी सैनिकाला वाट काय? एक, निवृत्तीनंतर पदवी आणि बी.एड. पूर्ण करून मान्यताप्राप्त जागेवर शिक्षक झालात, तर एएनओसाठी तुमच्याइतका तयार उमेदवार बटालियनला शोधूनही सापडणार नाही. असे शिक्षक आहेत. दोन, 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाने एनसीसीत तीन लाख कॅडेटची वाढ मंजूर केली, एकूण संख्या वीस लाखांवर नेण्यासाठी. त्या योजनेत माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे तुम्हाला हवा असलेला दरवाजा हा आहे, एएनओचा नव्हे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव अद्ययावत ठेवा आणि तिथल्या फलकावर लक्ष ठेवा. "एनसीसीत प्रशिक्षक लावून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले, तर तिथूनच माघारी फिरा.

आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: पीआय स्टाफ म्हणून यायचं असेल तर कॉलेजला किंवा एनसीसीला अर्ज करून काही होत नाही. ती ईआरई, म्हणजे पलटणीबाहेरच्या कामाची, पोस्टिंग आहे. तुमची पलटण आणि रेकॉर्ड ऑफिस ते ठरवतं. सुट्टीवर आल्यावर प्राचार्यांचं शिफारसपत्र घेऊन जाणारे जवान मी पाहिले आहेत. त्या पत्राचा उपयोग शून्य.

आता एएनओचा अर्ज. टप्पे सांगायला दोन ओळी पुरतात. जागा रिकामी झाली की कॉलेज बटालियनला नाव कळवतं, बटालियन कागद तपासून ग्रुपला पाठवते, मुलाखत होते, निवड झाली की प्रशिक्षणाचा आदेश येतो आणि प्रशिक्षण पार पडलं की कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळतं. वरिष्ठ विभागात लेफ्टनंट, नौदल शाखेत सब-लेफ्टनंट, हवाई शाखेत फ्लाइंग ऑफिसर. शाळेच्या कनिष्ठ विभागात थर्ड ऑफिसरपासून सुरुवात. अकरावी-बारावीची मुलं वरिष्ठ विभागात मोडतात, हे ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावं, नाहीतर फॉर्मच चुकीचा भरला जातो.

अडतं ते कायमस्वरूपी नेमणुकीपाशी. एएनओ पूर्णवेळ, कायम शिक्षक हवा. नेमणूक आदेश सगळ्यांकडे असतो, पण संस्थेचा आदेश म्हणजे मान्यता नव्हे. कॉलेजला विद्यापीठाची मान्यता, शाळा-ज्युनियर कॉलेजला शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता, हा वेगळा कागद आहे. तो कुणाकडेच चटकन सापडत नाही. ऑफिसात विचारलं तर "सेवापुस्तकात नोंद आहे की" असं उत्तर येतं. नोंद पुरत नाही, मूळ पत्राची प्रत लागते. मान्यता दहा वर्षांपूर्वीची असेल, तेव्हाचे हेडक्लार्क निवृत्त झाले असतील, कपाटाची किल्ली भलत्याकडेच असेल. हा कागद अर्जाच्या आठवड्यात शोधायचा नसतो. एएनओ व्हायचा विचार मनात आला त्याच दिवशी शोधायला घ्या.

शिक्षण सेवक म्हणून कायम होण्याआधीचा काळ चालू असेल तर तो पुरा होऊ द्या. मध्येच भरलेला फॉर्म परत येतो आणि मग पुढच्या वेळी "हे मागे नाकारलेत का?" असा उगाच प्रश्न निघतो.

आणि सीएचबीवाले. इथे माझा संयम सुटतो. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण, स्वतः एनसीसीची सी सर्टिफिकेट परीक्षा पास झालेला, परेड त्याच्यामुळे उभी राहते, मुलं त्याचं ऐकतात. पण त्याला एएनओ करता येत नाही, कारण तो कायम नाही. ज्यांची नोकरी कायम आहे त्यांना पहाटे सहाला मैदानावर यायचं नाही, आणि ज्याला यायचं आहे त्याची नोकरी कायम नाही. भरती वर्षानुवर्षं रखडवायची आणि नियम मात्र कायम शिक्षकाचा ठेवायचा, याचा हिशेब कोण देणार? तरी सांगतो, कागदावर "सहायक प्राध्यापक" एवढंच लिहून सीएचबी लपवू नका. पगारपत्रक मागितलं की दिसतंच, आणि मग प्राचार्यांची सहीही संशयात येते.

वयाची अट परिपत्रकात दिलेली असते. चाळिशीच्या आसपास असाल तर आकड्याइतकंच ते वय कोणत्या तारखेला मोजलं जाणार हेही वाचा. तुम्ही अर्ज करता त्या दिवसाचं वय धरून चालता, परिपत्रक वेगळी तारीख धरतं. तीन आठवड्यांनी बाद झालेला माणूस मला माहीत आहे. त्यानंतर चार दिवस तो कोणाशी बोलला नाही.

अंतिम तारखेचंही तेच. पत्रावर "तीस तारखेपर्यंत" असं असलं, तर बहुतेक वेळा ती बटालियनकडून ग्रुपकडे फाईल पोचण्याची तारीख असते. कॉलेजात पत्र आवक होणार, प्राचार्यांच्या टेबलावर जाणार, मग तुमच्या हातात येणार. त्यात प्राचार्य बैठकीला गेलेले. तुमच्यासाठी खरी तारीख त्याच्या आठ-दहा दिवस आधीची धरा. बटालियनला फोन करून "तुमच्याकडे कधी हवं?" एवढं विचारलं तरी काम होतं. विचारायला कमीपणा कसला?

बाकी कागद नेहमीचे: पदव्यांच्या प्रती, जन्मतारखेचा पुरावा, स्वतःचं संमतीपत्र, प्राचार्यांची शिफारस, संस्थेची ना हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो, बी किंवा सी सर्टिफिकेट असेल तर त्याची प्रत. सी असेल तर मुलाखतीत फायदा होतो, लष्करी सेवा झालेली असेल तर आणखी. पण दोन्ही नसतील तरी घाबरून जाऊ नका. शिक्षिकांसाठी एक सूचना: पदवी माहेरच्या नावाची आणि सेवापुस्तक सासरच्या नावाचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत न मागता आधीच जोडा. वैद्यकीय प्रमाणपत्र फार आधी काढून ठेवू नका, शिळं झालं म्हणून परत येतं. आणि बटालियनने कोणत्या डॉक्टरांचं मागितलं आहे ते वाचा. ओळखीच्या डॉक्टरांचा कागद चालतोच असं नाही.

सगळ्यात नाजूक कागद संस्थेची ना हरकत. तिचा मसुदा क्लार्क जुन्या फाइलीतून उचलतो: "सदर शिक्षकास एनसीसीचे कार्य करण्यास हरकत नाही." एवढ्यावर भागत नाही. प्रशिक्षण दोन-तीन महिन्यांचं असतं, सलग, घर सोडून. त्या काळासाठी कार्यमुक्त करू, तो काळ कर्तव्यकाळ धरू आणि वेतन चालू ठेवू, हे स्पष्ट शब्दांत हवं. नाहीतर निवड होते, आदेश येतो, नेमक्या विद्यापीठाच्या परीक्षा लागतात आणि प्राचार्य म्हणतात, "या वेळी नको, पुढच्या बॅचला जा." पुढची बॅच येईपर्यंत वय जातं. एका कॉलेजात याच कारणाने सहा वर्षं एएनओ नव्हता. केअरटेकरवर गाडा ढकलला जात होता आणि मुलांच्या कॅम्पच्या सह्यांसाठी दर वेळी धावाधाव.

केअरटेकर म्हणजे कमिशन न मिळालेला, तात्पुरता कारभार पाहणारा शिक्षक. बरेच जण समजतात की दोन वर्षं केअरटेकर राहिलं की आपोआप एएनओ होतं. तसं होत नाही. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, हा रस्ता कोणालाच चुकत नाही. केअरटेकर असताना केलेल्या कॅम्पची पत्रं मात्र जपून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतात.

पदोन्नतीच्या वेळी हे प्रशिक्षण उजळणी वर्गाच्या जागी धरलं जाईल का, असं प्राध्यापक हमखास विचारतात. जाण्याआधी आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. स्टाफरूममध्ये ऐकलेल्यावर जाऊ नका. पुढे कॅप्टन व्हायचं तर एनसीसीचा स्वतःचा रिफ्रेशर वेगळा करावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

खांद्यावरच्या ताऱ्यांबद्दल गैरसमज नको. हे कमिशन एनसीसीच्या कायद्याखालचं आहे. युद्धाला पाठवण्याचं बंधन त्यात नाही, आणि सैन्याचं वेतन किंवा निवृत्तिवेतनही त्यात नाही. मानधन मिळतं, ते वेळेवर मिळेल असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. स्वयंअर्थसाहाय्यित, म्हणजे संस्थेच्या खर्चावर चालणारं, युनिट असेल तर मानधन कोण देणार हे संस्थेला आधीच विचारून घ्या.

मुलाखतीला सूट-बूट लागत नाही, नीट इस्त्री केलेले कपडे पुरेत. प्रश्न साधे असतात: का यायचंय, घरचे काय म्हणतात, पहाटे किती वाजता उठता. कंपनी म्हणजे 160 कॅडेट, त्यांना सांभाळाल का, असं विचारलं तर आकडा ऐकून दचकू नका. ड्रिल तुम्हाला येत नाही हे समोरच्याला ठाऊक असतं, ते येतं असं सोंग करू नका. आमच्या वेळी एका उमेदवाराने उभं राहून "दाहिने देख" करून दाखवलं आणि मान डावीकडे वळवली. निवड झाली त्याची. कामठीच्या पहिल्या आठवड्यात उस्तादाने, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्याने, तेच त्याच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं, की सुट्टीत रस्ता ओलांडतानासुद्धा तो आधी उजवीकडे झटका देऊन बघायचा.

आदेश हातात पडला की ड्रिलचे बूट महिनाभर आधी आणा आणि रोज संध्याकाळी घालून चाला. नवे कोरे बूट घेऊन उतरलेल्यांच्या टाचा तिसऱ्या दिवशी सोललेल्या असतात. मग आजारी परेडची रांग, आणि तिथेही नाव लिहायला कागद लागतोच.