आखाजीच्या घागरीखालची चार ढेकळं

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, सोबत सांजोरीचा नैवेद्य. बऱ्याच घरी ही घागर शेतातून आणलेल्या चार ढेकळांवर ठेवतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस चांगला, जे कोरडं राहील तो महिना ओढ देणार, असं भाकीत त्यावरून सांगतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली, पाऊसपाण्याचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणीही याच सणाची.

भाकितासाठी दिवस मात्र नेमका निवडलेला आहे. आखाजीला जुन्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं, नव्याशी बोलणी होतात. कपाशी किती, ज्वारी किती, बियाण्याला पैसा कुठून, हे सगळं ठरवायची वेळ येते आणि पावसाला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. पाऊस कसा पडेल, हा प्रश्न तिथे हौसेचा नसतो.

आता ढेकूळ भिजतं कसं ते पाहू. भाजलेल्या मातीच्या भांड्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. पाणी त्यांतून पाझरून बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथे त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. ती घागरीतून आणि आतल्या पाण्यातून ओढली जाते, म्हणून पाणी गार होतं. जे पाणी वाफ होण्याआधी बुडाशी उतरतं, ते ढेकळाला मिळतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर. तिच्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाणी शोषून घेतात आणि ती फुगते. मग एक ढेकूळ चिंब आणि दुसरं कोरडं का? घागर किंचित कलली असेल, एका बाजूला भाजणी कच्ची राहिली असेल, एखादं ढेकूळ बुडाला नीट टेकलं नसेल, एखाद्यावर दारातून झळ येत असेल. ही सगळी कारणं त्या ओसरीवरचीच आहेत. जुलैचा पाऊस बंगालच्या उपसागरावर तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर ठरतो. तिथून घागरीपर्यंत पोहोचणारा कुठलाच दुवा सापडत नाही.

पारख करायची तर एका गल्लीतल्या दहा घरांची ढेकळं त्याच दिवशी पाहून लिहून ठेवावीत. गावावर पडणारा पाऊस एकच. घागरी वेगवेगळं सांगू लागल्या तर सगळ्या खऱ्या कशा असतील? तरीही काही घरांचं भाकीत जुळेलच. सर्वात ओला महिना चारांतून नुसत्या अंदाजाने निवडला तरी शंभरातली पंचवीसेक घरं बरोबर येतील. त्यात आपल्याकडे जुलै-ऑगस्ट एरवीही ओलेच, त्यामुळे ते महिने सांगणाऱ्याचं पारडं आधीच जड. म्हणून भाकीत खरं ठरलं एवढं पुरत नाही. दरवर्षीची सरासरी डोळे मिटून सांगणाऱ्यापेक्षा ते जास्त वेळा खरं ठरतं का, हे मोजावं लागतं. चुकलेली वर्षं आपण विसरतो आणि जुळलेली पारावर सांगत राहतो. सगळा घोटाळा तिथेच होतो.

हवामानशास्त्रालाही हीच कसोटी लागू आहे. भारतात पहिला अधिकृत मॉन्सून अंदाज १८८६ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाच्या आधारे दिला. पुढे हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांना मॉन्सूनचा अंदाज शोधतानाच प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. आज एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याचा, विचार त्याच्याशिवाय होत नाही. २००२ साली हवामान विभागाने देशात सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी झाला आणि जुलै तर निम्माच पडला. ही चूक मोठी होती, पण ती नोंदली गेली आणि तिच्यामुळे अंदाजाची पद्धत बदलावी लागली. घागरीच्या भाकितात अशी दुरुस्ती कधी होत नाही, कारण चुकलेल्याची वहीच कुणी ठेवत नाही.

हंगामी अंदाज अख्ख्या देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. सातपुड्यातल्या धडगावचा पाऊस आणि शिंदखेड्याचा पाऊस यांत मोठं अंतर आहे, आणि हंगामी आकडा ते अंतर दाखवत नाही. पेरणीसाठी हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज जास्त उपयोगी पडतो. त्याच्या जोडीला कृषी विभागाचा सल्ला धरावा: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. पहिल्याच सरीवर टाकलेलं बियाणं पावसाने ओढ दिली की करपतं, आणि दुबार पेरणीचा खर्च घरावर येतो.